एक ओळ लिहिल्याशिवाय खो नाही

फोन आला तेव्हा मी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा आखत होतो. सकाळची थंडी होती, पोरी खांबाभोवती पळून अंग गरम करत होत्या आणि माझ्या हातातलं घमेलं अर्धं रिकामं झालं होतं. फोनवर बिराजदार मॅडमचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखंच म्हणालो, "काय मॅडम, गाडी चुकली का आज?" पलीकडून त्यांचे यजमान बसवराजअण्णा बोलले. आवाज अगदी शांत होता. "सर, महानंदा गेली. डबा भरत होती… छातीत कळ आली म्हणाली आन् खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं." मी काहीतरी उत्तर दिलं असेन, आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी हातातली रेघ पूर्ण केली. का केली ते अजून सांगता येत नाही. रेघ वाकडी आली. एका पोरीनं ओरडून तसं सांगितलं, तेव्हा मी तिथंच मातीत बसलो.

तेरच्या पुढं एक फाटा सोडून आत गेलं की आमची माध्यमिक शाळा लागते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढं निकालाविषयी थोडं बोलायचं आहे आणि ती बिचारी चारचौघींसारखीच शाळा आहे. तिथं महानंदा बिराजदार गणित शिकवायच्या आणि मी, मोरे सर, खेळ शिकवतो. त्या रोज धाराशिवहून एसटीनं यायच्या. माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं, घरात कन्नड, सासर नळदुर्गजवळचं. अंगानं बारीक, आवाज मात्र असा की गणिताच्या तासाला मैदानाच्या टोकाला उभा राहून मी भागाकार ऐकलेला आहे. रागावल्या की आधी मराठीत रागवायच्या, राग उतरत आला की कन्नडमध्ये, आणि पोरं त्यावरून अंदाज बांधायची की आता हसायला हरकत नाही.

आमची शेवटची भेट फोनच्या आदल्या दिवशीची, येळवशीची. वेळ अमावस्येला आमच्याकडं सगळी माणसं शेतात जेवतात, हे धाराशिव-लातूरकडच्या वाचकांना सांगायला नको. अण्णांच्या शेतात त्यांनी सगळ्या स्टाफला बोलावलं होतं. कडब्याची खोपटासारखी कोप, आत पूजा, बाहेर पंगत. मॅडम स्वतः वाढत होत्या. मिसळ भाज्यांची भज्जी संपत आली तरी त्यांचा आग्रह संपेना. मी हात आडवा केला तर म्हणाल्या, "खेळाच्या मास्तरानं असं लाजायचं असतंय का?" जेवणानंतर ज्वारीच्या कडेनं फिरताना त्यांनी विषय काढला तो कावेरीचाच. "सर, ती आता भूमितीत रमायली बघा. काल मला म्हणाली, मॅडम, ही आकृती उलटी काढली तर? मी चाटच पडले. प्रश्न विचारायली पोरगी!" उन्हात त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. आंबील प्यायल्यावर सगळ्यांना झोप येते, मलाही येत होती, म्हणून मी नीट उत्तरही दिलं नाही. पुढं बोलायला भरपूर वेळ आहे असंच वाटत होतं…

कावेरी कोण, ते सांगायला हवं. आमच्या शाळेची खो-खोतली सगळ्यात चपळ पोरगी. वडील मेंढरं राखतात, आई लोकांच्या रानात कामाला जाते. आठवीत आली तेव्हापासून ती माझ्या संघात आहे. खांबावर असा सूर मारते की बघणाऱ्याच्याच कोपराची सालटं निघावीत. पण माझी तिच्याशी पहिली ओळख मैदानावर झालीच नाही. प्रथमोपचाराची पेटी माझ्या ताब्यात असते आणि गणिताच्या चाचणीच्या दिवशी माझ्या खोलीबाहेर रांग लागते. कुणाचं डोकं, कुणाचं पोट, एखाद्याची दाढ. मराठीच्या चाचणीला सगळे ठणठणीत असतात. त्या रांगेत कावेरी कायम पुढं. मी ओव्याची गोळी द्यायचो, ती गोळी खाऊन परत जायची आणि उत्तरपत्रिकेवर मोत्यासारख्या अक्षरात स्वतःचं नाव लिहून खाली काहीच न लिहिता तास संपवायची. मॅडमनी ती उत्तरपत्रिका मला एकदा दाखवली होती. एवढा स्वच्छ कागद मी आयुष्यात पाहिला नाही. "चुकीचं लिहिलं असतं तर मला कळलं असतं की कुठं अडतंय," त्या म्हणाल्या. "हिनं मला दारच उघडलं न्हाई."

शाळा सुटल्यावर मॅडमची गाडी यायला वेळ असायचा. बाकीचे स्टाफरूममध्ये बसायचे, या मैदानाच्या कडेच्या दगडी कट्ट्यावर येऊन बसायच्या. पर्समधून फुटाणे काढायचे, एक एक तोंडात टाकायचा आणि सराव बघायचा. खो-खोचं त्यांना काही कळत नव्हतं. "ती उजवीकडं का पळाली? मागं का वळत न्हाई?" असले प्रश्न विचारून माझं डोकं खायच्या. मी वैतागून नियम सांगायचो. एका संध्याकाळी कावेरी सुरुवातीलाच बाद झाली. उठली, गुडघे झाडले, बाहेर येऊन पाणी प्यायली आणि मैत्रिणीशी हसत बोलायला लागली. मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या.

"सर, ही आउट झाली, तर रडत का न्हाई?"

"रडून काय करती? पुढच्या डावात तिला पाठलाग हाय की."

"वर्गात फळ्यापाशी आली की हिचे पाय लटपटतात. खडू हातातून पडतो."

"तुमच्या वर्गात आउट झालं की पुढचा डाव कुठंय मॅडम?" मी आपलं गमतीनं म्हणालो. त्या हसल्या नाहीत. फुटाण्याची पुडी न संपवताच दुमडून पर्समध्ये टाकली. गाडीचा हॉर्न ऐकू आला तेव्हा तंद्रीतच उठून गेल्या. माझ्या गमतीचं त्या पुढं काय करणार होत्या याची मला कल्पना नव्हती, नाहीतर मी बोलताना जरा विचार केला असता.

दुसऱ्याच दिवशी नववीच्या वर्गात खो-खो सुरू झाला. पद्धत अशी: फळ्यावर एक गणित. एक जण उठणार, सोडवायला लागणार. अडला की बसलेल्यांपैकी कुणाच्याही पाठीवर थाप मारून "खो" म्हणणार आणि त्याच्या जागेवर बसणार. ज्याला खो मिळाला त्यानं उठायचंच. पहिला जिथं थांबला तिथूनच पुढं जायचं. मागं वळायचं नाही, आधीच्याचं पुसायचं नाही. ऐकायला झकास. प्रत्यक्षात पहिला दिवस म्हणजे बाजार होता. पाठीवर थाप देताना पोरांनी आपापली भांडणं उरकून घेतली. फळ्यापाशी जाऊन खडू न उचलताच "खो!" असं ओरडायचं आणि पळून यायचं. सगळे पळत होते, गणित जागच्या जागी. आवाज ऐकून मुख्याध्यापक दारात आले आणि त्यांनी आधी मलाच बोलावणं धाडलं, कारण वर्गात खो ऐकू येतोय म्हणजे गुन्हेगार मीच असणार.

मला वाटलं, झालं, बाईंचा उत्साह मावळला. पण त्या संध्याकाळी कट्ट्यावर येऊन म्हणाल्या, "सर, नियम एक कमी पडला." मग तो नियम आला, जो आता आमच्या शाळेतल्या लहान पोरांनाही पाठ आहे. एक ओळ लिहिल्याशिवाय खो नाही. ओळ चुकीची असली तरी चालेल. दिलेली माहिती नुसती उतरवली तरी चालेल. आकृती काढून नावं दिली तरी चालेल. पण फळ्यावर आपल्या हातानं काहीतरी टाकायचं आणि मगच बसायचं. आणि चुकीची ओळ असेल तर पुढच्यानं ती पुसायची नाही, खाली दुरुस्त करून पुढं जायचं. मॅडम स्वतःही त्यात खेळायच्या. कुणी त्यांच्या पाठीवर खो दिला की उठायच्या, आणि कधी कधी खरोखर चुकायच्यासुद्धा. पोरांना त्याचा कोण आनंद! "मॅडम आउट!" अशी आरोळी माझ्या मैदानापर्यंत यायची.

कावेरीला पहिला खो मिळाला तो दिवस मी पाहिलेला आहे. मी कुठलंसं परिपत्रक घेऊन वर्गात गेलो होतो. ती उठली, कारण खो मिळाल्यावर न उठणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. हात वर जाईना. मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या, तिथूनच हळू म्हणाल्या, "हेदरब्याड." म्हणजे कन्नडमध्ये, भिऊ नकोस. तो शब्द पोरांना नवा होता. सगळ्या वर्गाला हसू आलं, कावेरीलाही आलं. त्या हसण्याच्या भरात तिनं एक ओळ लिहिली. समीकरणातले उणे सात पलीकडं नेले आणि त्यांचे अधिक सात केले. बस्स, तेवढंच. मग झटकन वळून ओंकारच्या पाठीवर थाप मारली. ओंकार म्हणजे वर्गातला पहिला नंबर. त्यानं उठून डस्टर उचललं.

"पुसायचं न्हाई," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, चुकलंय. उण्याचं अधिक केलंय तिनं."

"मग खाली बरोबर करून दाखव."

ओंकार लिहायला लागला आणि दोन ओळींनी थांबला. मान वाकडी करून वरची ओळ परत वाचली. कान लाल झाले. मग पुटपुटला, "बरोबर हाय तिचं." वर्गानं जो गलका केला तो विचारू नका. मॅडम मात्र ओंकारपाशी गेल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर मला म्हणाल्या, "त्या पोराचीच जास्त काळजी वाटती मला. कावेरी चुकेल म्हणून लिहीत न्हाई, आन् हा चुकूच शकत न्हाई असं समजून लिहितो. दोघांचंही गणिताशी वाकडंच." असं त्या बोलायच्या. मुलाला किती येतं हे त्या नंतर बघायच्या. गणित समोर आल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते आधी बघायच्या. आम्ही स्टाफरूममध्ये 'हुशार' आणि 'कच्चा' अशा दोनच खणांत पोरं टाकत असू. मॅडमकडं खण फार होते. घाईचा, रुसलेला, लाजरा, घरून घाबरवून पाठवलेला.

हा घरून घाबरवून पाठवलेला प्रकार आमच्याकडं फार. पालक सभेत आया कौतुकानं सांगतात. कावेरीची आईही म्हणाली होती, "आमच्या घरात कुनालाच गणित येत न्हाय बघा मॅडम. हिच्या बापाला न्हाय, आज्याला न्हाय. ही कुठून शिकंल?" आणि कावेरी शेजारी उभी राहून मान डोलवत होती, जणू घराण्याचा मानच आहे तो. मॅडमचा पारा चढला. मी त्यांना पालकांवर एवढं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ताई, हे वाक्य तुम्ही पुन्हा पोरीसमोर बोलायचं न्हाई. घारे डोळे घराण्यात असत्यात, गणित नसतं. खो-खो होता का तुमच्या घरात?" आई गोंधळली. "न्हाय." "मग ही कुठून शिकली?" आईनं पदर तोंडाला लावला आणि खुदकन हसली. मला वाटतं त्या दिवसापासून मॅडम आणि ती बाई एकमेकींच्या मैत्रिणी झाल्या.

नववीचं वर्ष संपलं आणि जूनमध्ये मीटिंग झाली. दर वर्षी होते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागायला हवा, म्हणून ज्यांची खात्री नाही अशा मुलांची नावं काढायची आणि पालकांना बोलावून समजावायचं की सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे मूल बाहेरून परीक्षेला बसतं आणि त्याचा निकाल शाळेच्या अंगावर येत नाही. मुख्याध्यापक वाईट माणूस नाहीत. त्यांच्यावरही वरून दबाव असतो, शेजारच्या शाळेच्या फ्लेक्सवर शंभर टक्के झळकलेलं असतं, आणि पालकही फ्लेक्स वाचूनच प्रवेश घेतात. नावांत कावेरी होतीच. गुण अजूनही काठावरच्याही खाली होते. मॅडम म्हणाल्या, "ही नियमित बसंल." मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमच्याच विषयात ती जाणार. एका पोरीपायी सगळ्या शाळेचा निकाल पडतो." "पडू द्या." "मग जबाबदारी तुमची." "व्हय. माझीच." आवाज चढला नव्हता; एरवी भागाकार मैदानापर्यंत पोचवणाऱ्या बाई त्या दिवशी इतक्या हळू बोलल्या की शेवटच्या खुर्चीवरच्या मला कान टवकारावे लागले. मग मलाही धीर आला आणि मी म्हणालो, "संघाची कर्णधार हाय साहेब ती." माझ्याकडं कुणी लक्ष दिलं नाही, पण नाव खोडलं गेलं.

नंतर कट्ट्यावर त्या मला म्हणाल्या, "सर, तिला बाहेरून बसवलं ना, तर ती पास होईलही एखादवेळेस. पण शाळेनं आपल्याला नको म्हटलं, हे तिच्या डोक्यात कायमचं बसंल. मग तिच्यासाठी गणित म्हणजे तेच. आन् गणितच कशाला, सगळंच." मी मैदानावर हे रोज बघतो. संघाबाहेर बसवलेली पोरगी नंतर घेतली तरी पूर्वीसारखी सूर मारत नाही. पण ही गोष्ट गणितालाही लागू असेल असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. त्यांच्यामुळं आलं. फुटाणे खात बसलेल्या या बाईनं माझ्या खेळाविषयी मलाच कितीतरी गोष्टी समजावून दिल्या आणि तसं केल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

मी त्यांना एकदा चिडवलंही होतं, "परीक्षेत कुणाला खो देणार तुमची पोरं? कॉपीची केस होईल." त्या म्हणाल्या, "स्वतःलाच द्यायचा. एक ओळ लिहायची, पेन खाली ठेवायचं, श्वास घ्यायचा, आन् दुसऱ्या कुणी अर्धं सोडलेलं गणित आपल्याकडं आलंय असं समजून पुढं जायचं." मी म्हणालो, "हे म्हणजे लईच झालं." त्या म्हणाल्या, "करून बघा कधी." अजून बघितलेलं नाही.

दहावीच्या सहामाहीत कावेरी गणितात नापास झाली. मुख्याध्यापकांनी गुणपत्रक बघून नुसता सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी मॅडम हातात खोकं घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. कुंथलगिरीचे पेढे, ते खमंग भाजलेल्या खव्याचे तपकिरी. आम्हाला वाटलं, अण्णांना काही बक्षीस मिळालं की भाच्याचं लग्न ठरलं. मी दोन उचलले. "कशाबद्दल मॅडम?" "कावेरीनं पेपर लिहिला म्हणून." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. इतिहासाचे सर म्हणाले, "पण ती नापास झालीय." "व्हय. पण एकपण प्रश्न कोरा सोडला न्हाई तिनं. प्रत्येकाखाली निदान एक ओळ हाय. काही ठिकाणी तर तीन. आता मला कळतंय ती कुठं अडती. आता शिकवता येईल." त्यांनी उत्तरपत्रिका अशी पुढं केली जणू नात दाखवत होत्या. नापास पोरीचे पेढे! शाळेत दोन दिवस हसणं चाललं. मग हसणं थांबलं, कारण पुढच्या चाचणीत पोरगी काठावर आली, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गणिताच्या चाचणीच्या दिवशी माझ्या खोलीबाहेरच्या रांगेत ती दिसलीच नाही. मी मुद्दाम बाहेर येऊन पाहिलं होतं. ओव्याच्या गोळ्यांचा खप त्या वर्षी एकंदरच कमी झाला.

आणि मग येळवस झाली, आणि मग तो फोन.

नळदुर्गला मातीला आम्ही सगळे गेलो. आजी-माजी पोरं एवढी आली की अण्णांच्या शेतात उभं राहायला जागा नव्हती. कावेरी आईबरोबर आली होती. रडली नाही. शेवटपर्यंत एका बाभळीला टेकून उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ती सरावाला यायची बंद झाली, मग शाळेतही येईना. मी तिच्या घरी गेलो. आई दारातच म्हणाली, "सर, ती म्हणती गणिताच्या पेपराला बसनार न्हाय. बाकीचे देती म्हणती." आत कावेरी ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला येत न्हाय गणित, सर. मॅडम व्हत्या म्हणून येत व्हतं." मला राग आला. कुणाचा ते कळेना. मॅडम असत्या तर त्यांनी काय केलं असतं हेही मला सुचेना. मी खेळाचा मास्तर. मी तिला एवढंच म्हणालो, "उद्या शाळेत ये. गणितासाठी नको. खो-खोचं साहित्य मोजायचंय, त्याला ये." ही शुद्ध थाप होती. आमच्याकडं साहित्य म्हणजे दोन खांब आणि एक शिट्टी. पण ती आली.

नवे शिक्षक मिळाले नव्हते. शेजारच्या शाळेतले एक सर आठवड्यातून काही तास यायचे आणि धडाधड अभ्यासक्रम संपवायचे. बाकीचे तास मोकळे. असल्या मोकळ्या तासाला मला वर्गात बसवतात. त्या दिवशी मी खुर्चीत बसलो होतो आणि काय करावं ते मला सुचत नव्हतं. मग ओंकार उठला. कुणी सांगितलं नव्हतं. फळ्यापाशी गेला, पुस्तकातून एक प्रमेयाचं गणित उतरवून घेतलं, आकृती काढली, खाली एक ओळ लिहिली आणि थांबला. खरंच अडला की नाटक केलं, मला सांगता येणार नाही. तेवढं गणित मला येत नाही. तो मागं आला आणि कावेरीच्या पाठीवर थाप मारली. "खो."

ती उठली नाही. मैदानावर खो मिळाल्यावर बसून राहिलेली कावेरी मी कधीही पाहिलेली नव्हती. माझ्या तोंडून निघालं, "फाउल व्हईल गं." वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. कावेरीनं माझ्याकडं बघितलं, डोळे भरून आलेले होते, आणि मग ती उठली. फळ्यापाशी जाऊन तिनं खडू उचलला. लिहिताना ती रडत होती. ओळ लिहून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि बसायच्या ऐवजी खाली दुसरी ओळ लिहिली. मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो, कारण पोरांसमोर मास्तरानं रडणं बरं दिसत नाही.

त्यानंतर परीक्षेपर्यंत तो वर्ग तसाच चालला. सर यायचे ते तास शिकायचं, मोकळ्या तासाला खो. मी शिट्टी घेऊन बसायचो. कुणी डस्टरला हात लावला की वाजवायचो.

मॅडमची एक सवय होती. दहावीच्या गणिताचा पेपर सुटायच्या वेळेला त्या शाळेच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभ्या राहायच्या. फाटकाशी गर्दी असते. आई-बाप, चुलते, शिकवणीवाले. आणि सगळे एकच विचारतात, कसा गेला, किती पडतील. मॅडम ते कधीच विचारत नसत. त्यांच्याजवळून जाणाऱ्या पोराला त्या विचारायच्या, "आवडलं कोणतं?" सुरुवातीला पोरं गडबडायची. परीक्षेतलं गणित आवडायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. पण उत्तर दिल्याशिवाय त्या सोडत नसत. मग कुणी म्हणायचं शेवटचं, कुणी म्हणायचं ते टाकीचं, आणि बोलता बोलता चेहरे सैल व्हायचे. शाळेत काही वर्षं काढलेल्या प्रत्येक पोरानं त्यांना त्या झाडाखाली बघितलेलं आहे.

यंदा भूमितीच्या पेपरच्या दिवशी मीही फाटकाबाहेर गेलो. लिंबाखाली जाऊन उभं राहायचं धाडस झालं नाही, थोडा बाजूला थांबलो. घंटा झाली, पोरं सुटली, कालवा सुरू झाला. बरीच पोरं लिंबापाशी येऊन क्षणभर थबकत होती, रिकाम्या जागेकडं बघत होती आणि पुढं जात होती. मला ते बघवेना. निकाल अजून लागायचा आहे. हे लिहितानाही लागलेला नाही. शंभर टक्के लागेल की नाही, मला ठाऊक नाही आणि खरं सांगायचं तर त्याची फारशी पर्वाही राहिलेली नाही. कावेरी सगळ्यांत शेवटी आली. आई हाका मारत होती तिकडं न जाता ती सरळ लिंबाखाली गेली आणि उभी राहिली. मग मला बघितलं.

"सर, मला दोन आवडली," ती म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं. "एक आलं. दुसरं न्हाय आलं, पर त्येच लई आवडलं."

"कोणतं गं?"

तिनं पॅड खाली ठेवलं, लिंबाची एक काडी उचलली आणि मातीत वर्तुळ काढलं. त्याला लागून एक रेघ, मग आतून दुसरी. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी गुडघे मोडून तिच्यासमोर खाली बसलो. ती काडीनं बिंदू दाखवत होती, बोलत होती, आणि मध्येच थांबली. आकृतीकडं टक लावून बघत राहिली.

"हितपर्यंत आलं व्हतं, सर," ती म्हणाली. "थांबा… आता दिसायलंय पुढचं."